मंडईचा वरचा मजला

महोदय,

पुण्याच्या पेठांमधली जुनी बिऱ्हाडे कोथरूड-सिंहगड रस्त्याला गेली आणि उरलेल्यांची भाजी मोबाईलवरून दारात येऊ लागली. परिणाम महात्मा फुले मंडईत संध्याकाळी दिसतो: मेथीच्या काड्या विखुरलेल्या ओल्या ओट्यावर विक्रेत्या मावशी गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेल्या. म्हणून १८८६ सालच्या या दगडी इमारतीत मॉल थाटावा, असे कुणी म्हणाले की धसकाच बसतो. आता भुयारी मेट्रोही शेजारी आली आहे, त्यामुळे जागेवर डोळा असणारच!

या मंडईवर एवढा खर्च करण्याऐवजी तो पैसा शिक्षणावर घालावा, असे जोतीराव फुले यांचे म्हणणे होते. पुढे तिला नाव त्यांचेच मिळाले. वरच्या मजल्यावर एकेकाळी नगरपालिकेचे कार्यालय चाले. तिथे अल्प शुल्कात अभ्यासिका का होऊ नये? स्पर्धा परीक्षांची मुले याच पेठांत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक खाट भाड्याने घेऊन, राहतात. ती येता-जाता खालून भाजी नाही, तरी फळे नक्की घेतील.

डागडुजी मात्र चुन्यातच करावी; जुन्या दगडावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते. रंगीत दिव्यांची रोषणाई नंतर करा, आधी विक्रेत्या बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवे.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे