आई, या खेपेला तू गडावर चल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी रात्री फोन झाला, पण नातवाने तो माझ्या हातात राहू दिला नाही आणि मला सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून लिहायला बसले.

त्याला दहा पूर्ण झाली. काय हवं विचारलं तर म्हणाला, "आजोबांच्या वाटेने सिंहगड." बाबा, तुम्ही सुट्टीत सांगितलेल्या गोष्टी त्याच्या डोक्यातून गेलेल्या नाहीत. साडेपाचला आम्ही आतकरवाडीत होतो. अजून अंधार होता आणि वाटेवर विजेऱ्यांची रांग लागली होती. रविवारी अर्धं पुणं याच वाटेला लागतं. पहिला चढ संपता संपता उजाडलं. दोन्ही बाजूंना सोनकी पिवळीधमक फुललेली, मधे मधे तेरडा. मागे वळून पाहिलं तर खाली खडकवासल्याचं पाणी चकाकत होतं. "चढावर बोलायचं नाही, थांबलं तरी बसायचं नाही," हा तुमचा नियम तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही सांगत होता. दीड तासात तो पुणे दरवाज्यात पोचला, आम्हाला दोन लागले.

तिथे तो त्याच्या बाबांना सांगायला लागला. तानाजी आले ती रात्र १६७० सालची, ४ फेब्रुवारीची. घोरपडीची गोष्ट पोवाड्यातली. आणि सिंहगड हे नाव त्या लढाईच्या आधीच्या पत्रांतही सापडतं. बाबा, अगदी तुमच्याच क्रमाने सांगत होता. मला भरून आलं. देवटाक्याचं पाणी ओंजळीत घेऊन मला म्हणाला, "गांधीजी पुण्यात आले की हे पाणी मागवायचे ना गं?" तुम्ही मला हे सांगितलंत तेव्हा मीही एवढीच असेन.

औक्षण वरच करायचं असं मी ठरवलं होतं. छोटं ताम्हण, सुपारी, माझी अंगठी, अक्षता असं सगळं फडक्यात बांधून नेलं होतं. पण वारा असा होता की निरांजन काही टिकेना. चार काड्या गेल्या. शेजारी दह्याची मडकी मांडून एक मावशी बसल्या होत्या. त्या उठल्या, डोक्यावरची रिकामी पाटी काढून वाऱ्याच्या बाजूला आडवी धरली आणि म्हणाल्या, "ओवाळ आता पटकन." तीनदा ओवाळून होईपर्यंत ज्योत राहिली. त्यांनीही त्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. पैसे द्यायला लागले तर घेईनात, मग आम्ही सगळ्यांसाठी त्यांच्याकडचं दही घेतलं.

त्यानंतर कल्याण दरवाज्याकडे गेलो. हवा स्वच्छ होती, राजगडाचा बालेकिल्ला आणि तोरणा दोन्ही दिसत होते. तिथल्या दगडावर डबा उघडला. दशम्या, बटाट्याची भाजी, लसणीची चटणी, आपल्या वाढदिवसाला असायचं तेच. खाता खाता मोठीने विचारलं, "आजीला इथे कुठलं जास्त आवडायचं? हे की तळ्याजवळ?"

आई, मला उत्तर देता येईना. मी आठवत राहिले. माझे वाढदिवस, दादाचे वाढदिवस, स्वारगेटहून पहिली पीएमटी, बाबांच्या खांद्यावरची पिशवी. तू कुठेच नव्हतीस. तू साडेतीनला उठून दशम्या लाटायचीस, आम्हाला दारापर्यंत सोडायचीस आणि परत आलो की बंब तापलेला असायचा. घरी येऊन जुना अल्बम काढला. गडावरचे चौदा फोटो आहेत. एकातही तू नाहीस.

आम्ही तुला कधी विचारलंच नाही. बाबा, तुमच्यावर ठपका ठेवत नाही. मला तरी इतकी वर्षं कुठे सुचलं? यंदा मीच चारला उठून दशम्या केल्या, म्हणून कळलं की ते करून वर गडही चढायचा तर काय होतं. मला घरातल्या सगळ्यांनी हातभार लावला होता. तू एकटी करायचीस.

आणि तरी परवा फोनवर तुझा पहिला प्रश्न काय, तर "दही खाल्लंत ना?" एकदा बाबांनी तुझ्यासाठी मडक्यातलं दही घरी आणलं होतं. ते मडकं तू अजून जपून ठेवलं आहेस, त्यात खडेमीठ असतं. गड तुझ्यापर्यंत पोचला तो तेवढाच.

मार्गशीर्षात तुला सत्तर पूर्ण होतात. तुझी तिथी दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, मी कालनिर्णयात खूण करून ठेवली आहे. तो वाढदिवस गडावर करायचा. नाही म्हणू नकोस, आधी नीट वाच. गाडी पार वरच्या वाहनतळापर्यंत जाते. तिथून पुणे दरवाज्यापर्यंत पायऱ्या आहेत, त्या आपण बसत बसत चढू. आपल्याला कुठलीही घाई नाही. रविवारी नको, घाटात गाड्या खोळंबतात. आडवारी जाऊ. बाबा, तुमचा गुडघा बघता तुम्हीही गाडीनेच या. पायवाटेने नातू आणि मी येतो, तुम्ही दरवाज्यात आमची वाट बघा. आईला कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा, तुमच्याइतका गड आमच्यापैकी कुणाला माहीत नाही.

गुहागरहून एसटीने निघू नका. दादा आदल्या शुक्रवारी न्यायला येईल, त्याच्याशी बोलणं झालं आहे.

दशम्या मी करणार. आई, तू पिठाला हातसुद्धा लावायचा नाहीस. शाल मात्र जाड आण, कल्याण दरवाज्यात वारा फार असतो.

तुमची,
ताई