तू ओढलेलं दुसरं स्टूल

प्रिय ताई,

जिममध्ये मला व्यायाम शिकवणारी तू, वयानं माझ्या थोरलीच्या जोडीची, तरी ताईच म्हणते, आणि ताई म्हणूनही अगंतुगं करते. नाव लिहायचं नाही असं तू बजावलं आहेस. 'मावशी, मग सगळ्या फुकटात विचारायला येतील,' म्हणालीस. बरं, नाही लिहीत. धुळ्याच्या देवपुरात जिला कळायचं तिला कळेल.

परवा कानबाईचं, आपल्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीचं, विसर्जन झालं. घरापासून पांझरा नदीपर्यंत नाचत गेले. फुगड्या किती घातल्या ते मोजलंच नाही. मागच्या वर्षी याच कानबाईला रोटांच्या पंगतीत मांडी घालून बसले आणि उठताच येईना. एक हात जमिनीवर, दुसरा जावेच्या खांद्यावर, तोंडानं 'अगं आई गं'. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, 'खालचा भाग फारच जड झालाय हिचा.' हळूच, पण मला ऐकू येईल इतकं.

हा 'खालचा भाग' मी चाळीस वर्षं ऐकतेय. माझं माहेर यावल तालुक्यातलं, घराच्या तिन्ही बाजूंना केळी. त्यामुळे उपमा शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. पोरीच्या मांड्या बघा, केळीची खोडं! पुढे कॉलेजात संस्कृतच्या तासाला 'रंभोरू' शब्द आला. रंभा म्हणजे केळ, ऊरू म्हणजे मांडी. कवींनी ज्या शब्दानं नायिकेचं कौतुक केलं, त्याच शब्दानं आमच्या आत्यानं माझं लग्न दोन वर्षं लांबवलं.

तुझ्याकडे येण्याआधी मी कुठे कुठे जाऊन आले ते तुला सगळं सांगितलेलं नाही. लाज वाटायची. एका ठिकाणी बारा हजार भरले, 'इंच लॉस'चं पॅकेज म्हणून. मांड्यांना प्लास्टिक गुंडाळून झोपवायचे, मग कमरेला थरथरणारा पट्टा. घाम यायचा, टेपवर अर्धा इंच कमी दिसायचा, घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायलं की तो अर्धा इंच जागेवर. दुसरीकडे एक पोरगा आडवं झोपवून शंभर शंभर वेळा पाय वर करायला लावायचा. 'आंटी, इथली चरबी इथंच जळणार.' आंटी! दोन महिने पाय उचलले. चरबी तिथंच राहिली, वर खुब्यात उसण भरली. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी वजनकाट्यावर उभं केलं, माझ्याकडे न बघता आकडा लिहिला आणि भाकरी बंद करून ओट्स लिहून दिले. खान्देशात राहून भाकरी बंद.

या सगळ्यांचा राग आहेच, लपवत नाही. पण खरा राग पैशांचा नाही. यातल्या एकानंही, 'हे होणार नाही,' असं सांगितलं नाही, त्याचा आहे.

तू पहिल्याच दिवशी सांगितलंस. मी म्हटलं, मांड्या बारीक करायच्या आहेत. तू म्हणालीस, 'मावशी, ते वचन मी देत नाही.' मी पर्स उचलली होती, तुला आठवत असेल. चरबी कुठे साठायची ते अनुवंश आणि हार्मोन्स ठरवतात, पाय हलवले म्हणून पायाचीच चरबी जळत नाही, ती सगळ्या अंगातून आपल्या क्रमानं जाते. कमरेच्या हाडांची रुंदी तर कुणाच्याच हातात नाही. व्यायामानं वाढतो तो स्नायू. तो वाढला की त्याच्यावरचं सगळं जरा भरीव, उचललेलं दिसतं. 'रुंदी नाही बदलणार, उतार बदलेल,' असं तू म्हणालीस. मला तेव्हा काही कळलं नाही. पण अठ्ठेचाळीस वर्षांत या विषयावर कुणीतरी माझ्याशी खरं बोलत होतं एवढं कळलं, आणि पर्स खाली ठेवली.

मग ते स्टूल. बाकी सगळं मी विसरेन, हे नाही विसरणार.

'यावर बसा, हात न टेकता उठा, एवढंच,' असं तू सांगितलंस. निळं प्लास्टिकचं स्टूल. मी बसले कसली, पडलेच त्यावर. ते असं कर्रकन वाजलं की पलीकडे डंबेल्स घेऊन उभी असलेली दोन पोरं गालात हसली. मला वाटलं आता तू त्यांच्यावर ओरडशील आणि मग सगळं जिम माझ्याकडे बघेल. तू नाही ओरडलीस. कोपऱ्यातलं दुसरं स्टूल पायानंच ओढलंस, माझ्या शेजारी लावलंस आणि तुझ्या साक्रीकडच्या बोलीत म्हणालीस, 'चाला मावशी, मी बी बसस.' मी बसले की तू बसायचीस, मी उठले की तू. ऐंशी किलोची वजनाची दांडी खांद्यावर घेऊन बैठका मारणारी पोरगी, माझ्या बैलगाडीच्या वेगानं. आठव्या वेळेला मी मध्येच अडकले. ना खाली, ना वर, मांड्या लटलटतायत. तू पण तिथंच, अर्ध्यावर थांबलीस. हात दिला नाहीस, 'जोर लावा' म्हटलं नाहीस. नुसती थांबलीस. तुझ्याही मांड्या थरथरायला लागलेल्या मला दिसल्या. मग आपण दोघी उठलो.

आता मला माहीत आहे की अर्ध्यावर थांबणं हे बसण्या-उठण्यापेक्षा अवघड असतं. त्या दिवशी माहीत नव्हतं. घरी जाऊन न्हाणीघरात खूप रडले, आणि का रडतेय तेही कळेना.

पुढच्या महिन्यांचं काय सांगू, तुला पाठच आहे. आठवड्यातून तीन दिवस, पहाटे साडेपाच, कारण एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली आठ वाजता माणूस भाजून निघतो. स्टूल गेलं, डंबेल छातीशी धरून स्क्वॉट आले. पायऱ्यांच्या लाकडी खोक्यावर चढणं आलं. पाठ सरळ ठेवून दांडी मांडीवरून खाली सरकवायची ती डेडलिफ्ट आली. आणि बाकाला पाठ टेकून कंबर वर उचलायची ती हिप थ्रस्ट. तिची मला महिनाभर लाज वाटली, नंतर तीच आवडती झाली. नितंबाचा तो मोठा स्नायू अंगातला सगळ्यात मोठा असतो म्हणे. माझा इतकी वर्षं खुर्चीवर बसून झोपी गेला होता. सुरुवातीला रिकामी वीस किलोची दांडीच जड जायची, आता पन्नास उचलते. जावेला सांगितलं तर तिला वाटलं मी सिमेंटच्या गोणीबद्दल बोलतेय.

तिसऱ्या आठवड्यातलं माझं भांडण मात्र इथं कबूल करते. सलवार मांडीला घट्ट झाली आणि मी तुझ्यावर उखडले, की बारीक व्हायला आले आणि पैलवान व्हायला लागले. तू हसली नाहीस. नव्या व्यायामानं स्नायू सुरुवातीला पाणी धरतात, थोडे सुजल्यासारखे होतात, ते बसतं, असं सांगितलंस. आणि पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी मेंदू आणि नसा शिकल्यामुळे; स्नायू खरा वाढायला महिने लागतात. बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं हार्मोन, पुरुषाच्या मानानं फारच थोडं, त्यामुळे चुकून पैलवान होता येत नाही. 'तसं होता आलं असतं तर मी कधीच झाले असते,' असं तू वर म्हणालीस, तेव्हा मात्र मलाच हसू आलं.

आणि भाकरी! तू भाकरी परत दिलीस, त्याबद्दल वेगळे आभार. कळण्याची भाकरी खा, त्यात उडीद आहे. फुणके-कढी करा, डाळ आहे. फक्त तेलाचा हात आखडा आणि शेव भाजीच्या वाटीत मोजून टाका. शेवेवर तुझं-माझं अजून एकमत नाही.

परवा टेप घेतली. वजन ७२ होतं, आता ७१. एक किलो! काट्यावाल्या बाईंना दाखवलं असतं तर त्यांनी नाक मुरडलं असतं. नितंबाचं माप १०६ सेंटिमीटर होतं, १०६च आहे. मांडी ६३ ची ६२. पण कंबर ९४ वरून ८७ वर आली. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन उतरतं आणि चरबी पोटाकडे सरकते, म्हणून माझ्या वयाला कंबर हेच माप खरं, असं तू म्हणायचीस. स्नायू चरबीपेक्षा घट्ट, म्हणून तेवढ्याच वजनाला जागा कमी लागते, हेही. तरी मला आकड्यांनी पटलं नव्हतं. पटलं ते शिंप्याकडे. वीस वर्षं तो माझे कपडे शिवतोय. जुनी सलवार दुरुस्तीला नेली तर म्हणाला, 'वहिनी, माप तेच आहे, पण कपडा मागून आता लोंबत नाही. काय केलं?' उतार बदलला होता, ताई. तू म्हणाली होतीस तसाच.

मांड्या अजून केळीच्या खोडासारख्याच आहेत. माझ्या भावाच्या बागेत मी लहानपणापासून बघितलंय, केळीचं ते खोड हे खरं खोडच नसतं, पानांचे देठ एकावर एक घट्ट गुंडाळलेले असतात. आणि त्यावर तीस-तीस किलोचा घड तोलून उभं असतं. आत्या असती तर तिला सांगितलं असतं.

तुझ्यासारखी माणसं अगदीच नाहीत असं नाही. आमच्या गल्लीत हिवाळ्यात एक भाजीवाली येते. भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेल्या बामणोद गावाच्या नावाखाली वाट्टेल ती वांगी खपवता येतात, गिऱ्हाईकाला काय कळतंय. पण ती आपणहून सांगते, 'आज घेऊ नको बाई, भरिताची नाहीत, बी धरलंय.' तिचं त्या दिवसाचं नुकसान होतं. मिक्सर उघडून 'काही झालेलं नाही, वायर सैल होती' म्हणत पैसे न घेणारा तो म्हातारा असाच. अशा माणसांच्या दुकानावर पाटी लहान असते. गुळगुळीत कागदावर आधीचा-नंतरचा फोटो छापणाऱ्यांची मोठी असते. मी बारा हजार मोठ्या पाटीखाली दिले, म्हणून मला हे बोलायचा हक्क आहे.

त्या दोन पोरांपैकी एक परवा विसर्जनात भेटला. त्याची आई गुडघ्यांनी हैराण आहे, तिला पाठवू का, असं विचारत होता. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना दाखव, मग ताईकडे पाठव, आणि ती पहिल्यांदा बसेल तेव्हा तू तिथं थांबू नकोस.

गुरुवारी फुणके पाठवते, कढी वेगळ्या बरणीत. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत हे मला माहीत आहे, पण तू रिकामाच दे. मागच्या वेळी त्यात तू उकडलेले हरभरे घालून पाठवलेस आणि वर चिठ्ठी, 'प्रोटीन.' घरात अजून सगळे मला त्यावरून चिडवतात.

तुझी,
निळ्या स्टुलावरची मावशी