ज्युली डॅशकडे बघ

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

निर्माते पटकथा वाचून "काही कळत नाही" म्हणतात, असं लिहिलंस. अमेरिकन दिग्दर्शिका ज्युली डॅशचं काम बारकाईने बघ. 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा चित्रपट तिला सुचला १९७५ च्या सुमारास, छोटा मूकपट म्हणून. दक्षिण कॅरोलायनाच्या बेटावर गुलामांच्या वंशजांचं एक कुटुंब, १९०२ साल, उत्तरेकडे निघण्याची वेळ. कथानक एवढंच. कागदावर ते कुणाला दिसेना, म्हणून तिने आधी थोडा भाग चित्रित केला आणि तोच दाखवला. मग सार्वजनिक वाहिनीच्या 'अमेरिकन प्लेहाऊस'कडून सुमारे आठ लाख डॉलर मिळाले.

तूही तीन मिनिटांचा तुकडा कर. संवादाचा प्रसंग घेऊ नकोस, तो वाचूनही कळतो. वाचून कळत नाही तोच घे.

आता उजेड. पांढरी वाळू, पांढरे कपडे आणि काळे चेहरे असले की उजेड मोजणारा मीटर वाळूला भुलतो, अ‍ॅपर्चर (भिंगाचं उजेड आत घेणारं छिद्र) कमी करायला लावतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून मीटर चेहऱ्याशी धरायचा. वाळू थोडी फटफटीत झाली तरी चालेल. दुपारचं डोक्यावरचं ऊन टाळ, डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते. त्या काळी फिल्मचे रंग गोऱ्या कातडीवर बेतलेले असत. म्हणून छायालेखक आर्थर जाफाने कोडॅकऐवजी अ‍ॅग्फाची फिल्म निवडली. तुझा डिजिटल कॅमेराही आधी तुझ्या नटांच्याच चेहऱ्यांवर तपासून घे. आणि स्लो मोशनसाठी सेकंदाला २४ ऐवजी ४८ फ्रेम घेतल्यास, तर प्रत्येक फ्रेमला उजेड निम्मा मिळतो. अ‍ॅपर्चर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड येईल इतकं, उघडायला विसरू नकोस.

चित्रपटातल्या नाना या म्हातारीचे हात मात्र थांबून बघ. गुलामगिरीत नीळ कालवून कालवून निळे पडलेले. इतक्या वर्षांनी तो रंग टिकणार नाही, हे इतिहासाच्या सल्लागारांनी डॅशला सांगितलं होतं. तरी तिने तो ठेवला. गुलामगिरी म्हटलं की पाठीवरचे वळ आणि बेड्या दाखवून झाल्या होत्या, तिला स्वतःची खूण हवी होती. मला ते पूर्ण पटतं. माहीत असून केलेला बदल आणि अज्ञानातून झालेली चूक यांत फार अंतर आहे.

चित्रीकरण २८ दिवसांत उरकलं, खरा वेळ खाल्ला संकलनाने आणि वितरणाने. १९९१ च्या जानेवारीत सनडान्स चित्रपट महोत्सवात छायालेखनाचं पारितोषिक मिळालं, पण थिएटरात यायला १९९२ चा जानेवारी उजाडला. अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेला कृष्णवर्णीय स्त्रीचा तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. एवढं होऊनही पुढची कामं तिला मुख्यतः टीव्हीवरच मिळाली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्सवरचा २००२ चा चित्रपटही टीव्हीसाठीच होता. याचा मला मनापासून राग येतो. म्हणून तुझ्या बजेटमध्ये चित्रीकरणानंतरच्या वर्षभराचा खर्च आत्ताच वेगळा काढून ठेव.

कुठला प्रसंग घेणार ते कळव. चाचणीचं फुटेज रंग न सुधारता पाठव.

तुझी,
आई