माचाच्या डब्यावर दळणाची तारीख छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माचाचे, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचे, गुण सांगणारा मजकूर हल्ली ढिगाने वाचायला मिळतो. पण हातातल्या डब्यातली पूड चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं, ते त्यात क्वचितच असतं. मग ग्राहक ‘सेरिमोनियल ग्रेड’ (चहा-समारंभाच्या दर्जाचा) हे दोन शब्द बघून पैसे मोजतो. या शब्दांमागे कोणतंही अधिकृत प्रमाण नाही, ते कुणीही कोणत्याही पुडीवर छापू शकतो. जपानमधले चहावाले माचा निवडताना तो दाट ‘कोइचा’साठी आहे की पातळ ‘उसुचा’साठी, हे बघतात. कोइचात पूड जास्त आणि पाणी कमी, त्यामुळे कडवट माचा तिथे लगेच उघडा पडतो.

ग्रीन टीची पानं दळली की माचा झाला, हा समज तर अगदीच चुकीचा आहे. माचाची झुडपं खुडणीआधी साधारण तीन आठवडे झाकून ठेवतात. ऊन कमी मिळालं की पान जास्त हरितद्रव्य तयार करतं. त्यातलं थिआनिन हे अमिनो आम्लही टिकून राहतं, म्हणजे चव गोडसर, भरीव लागते. उन्हात याच थिआनिनपासून कॅटेचिन ही तुरट द्रव्यं बनतात. खुडलेली पानं वाफवून, न वळता वाळवतात आणि देठ-शिरा काढून टाकतात. उरतो तो ‘तेंचा’. तो ग्रॅनाइटच्या जात्यावर अगदी सावकाश दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम 30 ते 40 ग्रॅम पूड पडते, कारण जातं जोरात फिरवलं तर तापतं आणि रंग-वास दोन्ही जातात. उन्हात वाढलेल्या पानांची पूड कितीही बारीक केली तरी ती माचा होत नाही.

डबा घेताना आधी घटकांची ओळ वाचा. तिथे चहाच्या पानांखेरीज काहीही नको. साखर किंवा दूध पावडर दिसली तर ते तयार मिश्रण आहे. बेकिंगच्या काही पुडींत हिरवा रंग टिकावा म्हणून क्लोरेला हे शेवाळ घातलेलं असतं. ते नियमाला धरून असलं, तरी मग रंगावरून पानाची पारख करता येत नाही. उजी, निशिओ, यामे, कागोशिमा ही जपानमधल्या चहाच्या भागांची नावं चांगली, पण नुसत्या नावावर जाऊ नये. वसंतातली पहिली खुडणी आहे का, ते बघावं. आणि पुडी पारदर्शक असेल तर ती तिथेच ठेवून द्यावी, कारण उजेडात हरितद्रव्य लवकर विटतं.

घरी आणल्यावर चिमूटभर पूड पांढऱ्या कागदावर ठेवून बोटाने ओढा. चांगला माचा गुळगुळीत, सलग पट्टा ओढतो आणि कोवळ्या पालवीसारखा हिरवागार दिसतो. बोटाला कण लागले, पट्टा तुटक आला, रंग पिवळट किंवा शेवाळी दिसला, तर पान जून होतं, दळण जाड होतं किंवा माल शिळा आहे. वास ताज्या पानाचा यावा, वाळल्या गवताचा नव्हे.

खरी परीक्षा मात्र चवीची. 2 ग्रॅम पूड बारीक गाळणीतून चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात आणि दोष मालाला जातो. त्यावर 70 मिलिलिटर पाणी ओता. पाणी 75 ते 80 अंशांचं हवं. उकळतं ओतलं तर उत्तम माचाही कडू लागतो. मग भराभर घुसळा. वर बारीक फेस धरला आणि कडवटपणामागून गोडसर चव आली, तर माल चांगला. माचा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे थोड्या वेळाने तळाशी साका दिसला तर घाबरू नये. लगेचच रवाळ थर बसला तर मात्र दळण जाड आहे. दुधात किंवा केकमध्ये घालायचा असेल, तर दुसऱ्या खुडणीचा जरा उग्र माचाच बरा. महागड्या माचाची नाजूक चव तिथे दुधा-साखरेत हरवते.

साठवणुकीत हमखास होणारी चूक म्हणजे फ्रिजमधला थंड डबा लगेच उघडणं. बाहेरच्या हवेतली वाफ पुडीवर दव होऊन बसते, गुठळ्या होतात आणि रंग उतरतो. डबा खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, मगच झाकण काढावं. उघडल्यावर चार ते सहा आठवड्यांत संपेल एवढाच, 20-30 ग्रॅमचा डबा घ्यावा.

पण ही सगळी काळजी घेऊनही, डबा हातात येण्याआधी ती पूड किती महिने पडून होती, हे ग्राहकाला कळत नाही. ‘अमुक तारखेपर्यंत वापरा’ एवढंच छापलेलं असतं. उत्पादकांनी आणि आयातदारांनी प्रत्येक डब्यावर खुडणीचा हंगाम व दळणाची तारीख छापावी आणि ग्राहकांनीही ती मागून घ्यावी.

— एक वाचक