तिचा पासपोर्ट तिला परत दे

बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू नव्या ताईचं कौतुक करत होतास. बाळाला जीव लावते, काम नीटनेटकं करते, रात्री हाक मारली तरी उठते. बोलता बोलता म्हणालास, "पासपोर्ट आमच्याच कपाटात ठेवलाय, हरवायला नको." त्यानंतर मला झोप लागली नाही.

हे वाक्य मी ऐकलेलं आहे. तू पाच वर्षांचा होतास. परक्या देशात पहिल्या घरी पाऊल टाकलं त्याच दिवशी मॅडमनी माझा पासपोर्ट मागून घेतला आणि अगदी हेच म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, हे तुला मुद्दाम सांगते. त्यांनी कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. पण दुसऱ्या वर्षी तुझे आजोबा गेल्याचा निरोप आला, मी पासपोर्ट मागितला, आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "करार संपल्यावर बघू." इस्त्रीच्या कपड्यांच्या खोलीत माझं अंथरूण असायचं. तिथे रात्रभर रडले आणि पहाटे दूध तापवायला उठले. तुम्हाला पत्रात लिहिलं, सगळं ठीक आहे.

निघून का नाही गेलीस, असं तू विचारशील. तिथे कफाला पद्धत होती. राहायचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. न सांगता घर सोडलं तर मालक फरार झाल्याची तक्रार देतो, आणि पगार थकवला असला तरी गुन्हेगार ठरते ती बाईच. तिला पकडतात, कोठडीत ठेवतात, परत पाठवतात. शिवाय एजंटाचं कर्ज डोक्यावर. रिकाम्या हाताने परतायचं तर कोणत्या तोंडाने?

परत आल्यापासून मी परदेशी निघालेल्या बायकांना त्यांचे करार वाचून दाखवते, हे तुला ठाऊक आहे. त्या निमित्ताने कायदेही वाचायला शिकले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 16 जून 2011 रोजी घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात स्पष्ट लिहिलंय की घरकामगाराला स्वतःची ओळखीची आणि प्रवासाची कागदपत्रं स्वतःजवळ ठेवता आली पाहिजेत. आठवड्यात सलग 24 तास सुट्टी, आणि त्या वेळात घरातच थांबायची सक्ती नाही. पगार निदान महिन्याला एकदा. एजंटाची फी पगारातून कापायची नाही. कुवेतने 2015 मध्ये आणि कतारने 2017 मध्ये घरकामगारांसाठी वेगळे कायदे केले. कुवेतमध्ये दिवसाला जास्तीत जास्त 12 तास, कतारमध्ये 10. पण कारखान्यात तपासनीस जाऊ शकतो. घराचं दार लागलं की आत काय चाललंय ते कोण बघणार? त्या दाराच्या आत सध्या तू आहेस.

सक्तीची मजुरी ओळखायच्या 11 खुणा याच संघटनेने सांगितल्या आहेत. कागदपत्रं काढून घेणं ही त्यातली एक. पगार अडकवणं, कर्जात बांधणं, माणसांपासून तोडणं याही त्यातच. तू असं काही करणार नाहीस, माझी खात्री आहे. पण तुमच्या घरातली चांगली वागणूक तुमच्या मर्जीवर आहे. उद्या तुझं तिच्याशी बिनसलं, किंवा तुझ्या बायकोला तिचं काही खटकलं, तर तिच्या हातात काय उरतं?

आणि रात्री हाक मारली तरी उठते, ते तिला आवडतं म्हणून नव्हे रे. बोलावलं की यायला तयार राहायचं, तेही कामच. ते तास मोज. रात्री जाग झाली तर दुसऱ्या दिवशी तिला तेवढा आराम दे. खोलीला आतून कडी आहे का ते आजच बघ. नसेल तर लावून घे. मी तीन वर्षं दाराला खुर्ची लावून झोपले.

फोन तिचा तिच्याजवळ राहू दे, दिवसाच्या कोणत्याही वेळी. पगार बँकेत जमा कर, म्हणजे नोंद राहते. करार तिला कळेल त्या भाषेत आहे का, हे विचार. एजंटाला किती पैसे दिलेत हेही विचार, पण आधी तिचा विश्वास बसू दे. लगेच खरं सांगणार नाही, मीही सांगितलं नव्हतं. आपल्या वकिलातीचा नंबर तिच्याकडे आहे की नाही, तेही बघ.

पासपोर्ट देताना उपकार केल्यासारखा देऊ नकोस. "हा तुमचा आहे, माझ्याकडे ठेवला ही माझी चूक झाली," एवढं म्हण. तिला कुलूप लागेल असा एक खण दे आणि किल्ली तिच्याकडेच राहू दे.

रविवारी फोन करशील तेव्हा सगळ्यात आधी हेच विचारीन.

तुझी,
आई