वाळूत शिरण्याआधी टायरची हवा उतरवा

संपादक महोदय,

दिवाळी सरली की पुणे, मुंबई, नाशिकहून फोर बाय फोर गाड्यांचे ताफे जैसलमेरकडे निघतात आणि पाठोपाठ वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत त्यांची सचित्र वर्णनं येतात. गाडीची अश्वशक्ती, टपावरची दिव्यांची पट्टी, रुतलेली गाडी तारेनं ओढून काढणारी पुढची विंच, सगळ्याची साग्रसंगीत यादी असते. टायरमधल्या हवेबद्दल अवाक्षर नसतं. थरच्या वाळूत चार-पाच दिवसांची सहल फसते ती मात्र बहुधा हवेपायीच.

डांबरावर ३२ पीएसआयच्या आसपास असलेली हवा वाळूत शिरण्याआधी १६ ते १८ वर आणावी. टायर रुंदीपेक्षा लांबीला जास्त पसरतो, वजन विभागलं जातं आणि चाक वाळू उकरत बसत नाही. अगदीच रुतली तर १२ पर्यंत उतरता येतं, पण मग झटक्यात वळवलं की टायर रिमवरून निसटतो. तशाच मऊ टायरांवर डांबरावर येऊन ताशी ८० नं पळवली तर टायरची बाजू तापून फाटते, आणि बाजूला पंक्चर निघत नाही. म्हणजे हवा परत भरायची सोय सोबतच हवी. लायटरच्या सॉकेटला लावायचा छोटा पंप दोन टायरांतच तापून मान टाकतो. बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायचा कॉम्प्रेसर घ्यावा, सहा गाड्यांमागे निदान दोन, आणि भरताना इंजिन चालू ठेवावं.

थरमध्ये जोराचा वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळे टेकड्यांची ती बाजू साधारणपणे सौम्य आणि घट्ट असते, तर ईशान्येची घसरण तीस अंशांहून अधिक तिरपी नि भुसभुशीत. चढायचं ते सौम्य बाजूनं आणि शक्यतो सकाळी, दवानं वाळू जरा धरून असते तेव्हा. लो रेंज (फोर बाय फोरमधली जास्त ओढीची, कमी वेगाची गिअरची जोडणी), दुसरा गिअर, एकसारखा वेग. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करावा, कारण चाक जरा फिरलं की तो इंजिनाची ताकदच तोडतो. माथा गाठता आला नाही तर गाडी वळवू नये, आडवी झालेली गाडी उलटते. आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यावं. एका वेळी एकच गाडी चढेल आणि वरून वॉकीटॉकीवर निरोप आल्याशिवाय दुसरी हलणार नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नये. प्रत्येक गाडीवर जमिनीपासून अडीच-तीन मीटर उंचीचा भडक झेंडा असला की माथ्यापलीकडून येणारा दिसतो.

रुतल्यावर अॅक्सिलरेटर दाबत राहणं हा सगळ्यात महागडा उपाय. दहा सेकंदांत गाडी चासीवर बसते. आधी फावडं. चाकांसमोरची आणि पोटाखालची वाळू काढा, मग सँड लॅडर, म्हणजे चाकाला पकड देणाऱ्या खाचांच्या पट्ट्या, चाकाखाली सरकवा. विंचला बांधायला तिथं झाड कुठून आणणार? एक तर दुसरी गाडी, नाहीतर खोल खड्ड्यात गाडलेली स्टेपनी. ओढायला सुमारे दोन टनांच्या गाडीला २२ मिलिमीटरचा, ताण आला की लांबणारा नायलॉनचा दोर लागतो. तो चासीला पक्क्या बसवलेल्या रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे गाडी ओढण्यासाठीच्या कडीलाच, लावावा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कदापि नाही! झटक्यानं तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो आणि काच फोडून आत येतो. दोरावर मध्यावर जाड घोंगडी टाकावी, बघ्यांनी दोराच्या दीडपट अंतरावर, तेही बाजूला, उभं राहावं.

आता आगीबद्दल, कारण याची कुणाला कल्पनाच नसते. बीएस-६ डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. अशी गाडी वाळक्या सेवण गवतावर उभी केली, तर खाली अडकलेला पुंजका पेट घेऊ शकतो. थांबायचं ते मोकळ्या वाळूवर, आणि रोज संध्याकाळी पोटाखालचं गवत हातानं ओढून काढायचं. पाणी माणशी रोज पाच लिटर पिण्याचं, स्वयंपाकाचं वेगळं. वाळूत डिझेल दीडपटीहून जास्त जळतं आणि जैसलमेरच्या वायव्येला असलेल्या रामगढच्या पुढे पंपाचा भरवसा धरू नये.

वाळवंट म्हणजे कुणाचीच नसलेली जमीन, हा समज तर पुरवण्यांनीच पसरवलाय. सपाट दिसतं म्हणून ज्यात गाड्या घालतात ते पुष्कळदा खडीन असतं. पावसाचं पाणी मातीच्या बांधानं अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही जैसलमेरच्या पालीवाल ब्राह्मणांची शतकानुशतकांची रीत. वरची पापडी फुटली की खाली चिकण चिखल. गाडी अडकते, पीक तुडवलं जातं, आणि चाकांनी बांध खचला तर पुढच्या पावसाळ्याचं पाणी वाहून जातं. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, आपल्या देवराईसारखं. तिथंही चाक नको. ३१६२ चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कात माळढोक जगवायची धडपड चालू आहे. सोलापूरच्या नान्नजला तो कसा दिसेनासा होत गेला हे पाहिलेल्या आपल्यासारख्यांनी तरी तिथं वाटा सोडून गाड्या घुसवू नयेत. पोखरणच्या लष्करी फायरिंग रेंजमध्ये न फुटलेले गोळे पडलेले असतात, तेव्हा तिथं वाट शोधणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

तनोट आणि लोंगेवाला डांबरी रस्त्यानं पाहता येतात, पण सीमेलगतच्या अधिसूचित भागात शिरायला जिल्हा प्रशासनाची लेखी परवानगी लागते. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीविना भारतात बाळगणं बेकायदा आहे, मग ती परदेशातून कितीही हौसेनं आणलेली असोत. पुढचा असा लेख छापाल तेव्हा परवानगी कुठं मिळते आणि कोणत्या भागात गाडी नेऊ नये, एवढी चौकट सोबत द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, चिंचवड