ताऱ्यांचे मोजमाप शाळेच्या संगणकावर

महोदय,

पावसाळ्याचे चार महिने कोल्हापूरचे आकाश ढगांनी झाकलेले असते आणि एरवी शहरातील दिव्यांचा उजेड आड येतो, त्यामुळे आकाशदर्शनाची हौस असलेली मुले हिरमुसतात. त्यांच्यासाठी दूरस्थ दुर्बिणीचा मार्ग खुला व्हावा, असे मला कळकळीने वाटते. इंटरनेटवरून वेळ मागून घेतली, की परदेशातील दुर्बीण सांगितलेल्या ताऱ्याची छायाचित्रे टिपून पाठवते.

आमच्या नववीच्या काही विद्यार्थ्यांनी अशा छायाचित्रांवरून एका रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्याची तेजस्विता मोजली. पडद्यावर ताऱ्याभोवती वर्तुळ काढायचे, आतल्या प्रकाशाची बेरीज करून त्यातून भोवतालच्या आकाशाचा उजेड वजा करायचा आणि त्याच छायाचित्रातील, तेज न बदलणाऱ्या ताऱ्याशी तुलना करायची, असे हे काम आहे. आलेखावर एकेक बिंदू खाली उतरू लागला, तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा होऊनही कोणी जागचे हलले नाही.

ययाती तारकासमूहातील मायावती तारा सुमारे २ दिवस २१ तासांनी मंदावतो, हे जॉन गुडरिक या कर्णबधिर इंग्रज तरुणाने १७८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांतून मांडले. आपली मुले त्याच वयाच्या आसपासची आहेत.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने आणि शिवाजी विद्यापीठाने मिळून विज्ञान शिक्षकांसाठी या मोजणीची कार्यशाळा येत्या सत्रातच घ्यावी, ही विनंती.

एक विज्ञान शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर